बाईंचं नाक

कुत्रं टेबलावर चढवलं की बाई आधी त्याच्या कानाचा वास घ्यायच्या. मालकाचं ऐकायच्या ते नंतर.

"अहो डॉक्टर, मी सांगतो ना काय होतंय ते!" असं कुणी म्हणालं, की उत्तर ठरलेलं. "तुम्ही थांबा. आधी त्याला बोलू दे."

पर्वतीच्या पायथ्याशी बाईंचा जनावरांचा दवाखाना होता. तिथे कुत्री धरायचं काम माझं; बाई मला मामा म्हणायच्या. शाळा तिसरीपर्यंत, पुढे मार्केट यार्डात हमाली, आणि मग इथे. माझ्या हातातून कुत्रं सुटलं असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

कातडीच्या रोगाची कुत्री पार वाघोलीहून यायची. बाई कानाची कड बोटांत धरून चोळायच्या. कुत्र्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला, की मालकाकडे वळून विचारायच्या, "घरात कुणाला खाज येते का?" मालक चपापून शर्टाची बाही खाली ओढायचा. खरूज ती, कुत्र्याची माणसाला लागलेली. तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही हसू आलं असतं.

एकदा एक गृहस्थ अख्खं कुत्रं गाडीच्या जळक्या ऑइलने माखून घेऊन आले. खरजेवर ऑइल हा आपल्याकडचा जुना उद्योग.

"आमच्याकडं सगळे हेच लावत्यात," ते म्हणाले.

"सर्व्हिसिंग गाडीचं करायचं होतं की कुत्र्याचं?" बाई म्हणाल्या. "चाटतोय ना तो! सगळं पोटात जातंय. मामा, कोमट पाणी आणा."

आणि पदर खोचून स्वतः त्याला धुवायला बसल्या. बोलणं तिखट, पण हात असा की चावरं कुत्रंसुद्धा मान खाली घालायचं.

त्या साथीच्या वर्षी बाईंना ताप आला. बऱ्या झाल्या, दवाखाना उघडला. पहिल्याच कुत्र्याच्या कानाशी वाकल्या. पुन्हा वाकल्या. मग दुसरा कान. मालकाला म्हणाल्या, "जरा बाहेर बसता?" दार लागल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मामा, मला वास येत नाहीये."

येईल, येईल म्हणत बरेच महिने गेले. नाही आला. बाई कातडी खरवडून काचेवर घ्यायच्या, सूक्ष्मदर्शकात बघायच्या, औषधही बरोबर द्यायच्या. पण मन लागेना. एक दिवस कपाट आवरायला काढलं. "बंद करते. काचा बघायला दुसरे डॉक्टर आहेत. नेमकं कुठलं खरवडायचं, ते मला नाक सांगायचं."

मला राग आला. म्हटलं, "माझं नाक आहे ना!"

"तुम्हाला काय कळणार?"

"रोग तुम्हाला कळतो. वास मला येतो. वास सांगायला मॅट्रिक लागतं का?"

बाई मग म्हणाल्या, "तंबाखू सोडावी लागेल."

बायकोने जन्मभर सांगून सुटली नव्हती. मी पुडी तिथेच कचऱ्याच्या डब्यात टाकली. हट्टाला मीही कमी नाही.

मग माझी शाळा सुरू झाली. मी म्हणायचो, "घाण वास येतोय." बाई म्हणायच्या, "घाण हा वास नव्हे मामा, ते तुमचं मत झालं. कशासारखा येतो ते सांगा."

"शिळ्या भाकरीसारखा."

"ज्वारीची की बाजरीची?"

चेष्टा वाटायची. पण त्या खरंच विचारत असायच्या. रोगाचं नाव मी कधी घेतलं नाही, ते त्यांचं काम. मी नुसता वास आणून द्यायचो.

मग ती लॅब्रडॉर आली. गळ्याखाली केस गेलेले, कातडी काळी, तेलकट, हत्तीसारखी जाड. बरोबर एक मुलगी, आयटीतली. तिचे डोळे भरलेले. "डॉक्टर, सगळं ट्राय केलं. माणसांच्या ट्यूबही लावल्या. आता सासरे म्हणतात, खडकवासल्याकडे नेऊन सोडा."

"ट्यूबांनीच वाढवलंय," बाई म्हणाल्या. "सासऱ्यांना सांगा, महिनाभर दम धरा. मामा?"

मी वाकलो. गळ्याशी आंबलेल्या डोशाच्या पिठाचा वास. ते सांगितलं. पण पुढच्या पंजाशी दुसराच वास होता, गोडसर, चिघळलेल्या जखमेचा. बाई झटकन पंजाकडे वळल्या, बोटं फाकवली. आत पू. दोन्हीकडचं काचेवर घेतलं, बराच वेळ बघितलं.

"दोन रोग आहेत," त्या म्हणाल्या. "गळ्याशी बुरशी, पंजात पू. एकाचंच औषध दिलं असतं, तर दुसरा राहिला असता." मुलीला नीट समजावलं: शांपूचा फेस लगेच धुवायचा नाही, अंगात मुरू द्यायचा, मग धुऊन कातडीच्या घड्याघड्यांतून कोरडं पुसायचं, आणि गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत.

महिन्याने आली तेव्हा गळ्यावर मऊ पिवळी लव फुटली होती. सासरे स्वतः साखळी धरून आले होते. मुलगी बाईंच्या पाया पडायला लागली. बाई म्हणाल्या, "वास यांनी ओळखला. यांच्या पडा." मी पाय मागे घेतले, पण छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं.

कपाट आवरायची भाषा पुन्हा निघाली नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. संध्याकाळपर्यंत कुत्री तपासली, घरी जाऊन जेवल्या आणि झोपेतच गेल्या. शेवटच्या दिवसापर्यंत त्या डॉक्टर होत्या. हे मी कुणालाही ताठ मानेने सांगतो.

सकाळी शटर मीच उघडलं. बाकावर माणसं कुत्री घेऊन बसली होती. मी त्यांना सांगितलं. कुणी उठेना. एक आजी म्हणाल्या, "मग आता आम्ही कुणाकडे जायचं हो?"

"बसा जरा. काचा बघायला दुसरे डॉक्टर बोलावू, वास मी सांगीन," मी म्हटलं. आत गेलो, फडकं ओलं केलं आणि टेबल पुसायला घेतलं.