आधी पाटावर

माझा मित्र दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिवऱ्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघत होतो, आणि निघालो होतो त्याच्याचकडे, कामथडीला. त्याच्या खेळण्यातल्या आगगाडीच्या नव्या इंजिनात डिकोडर बसवायचा होता आणि बारीक तारांच्या सोल्डरिंगला त्याला माझा हात लागायचा. एसटी आली, मी चढलो. दुसरं काय करणार होतो…

आमच्या भोर-वेल्ह्याकडं रेल्वे नाही. त्यामुळं कचेरीतली कारकुनी संपवून घरी बसलेल्या या माणसाला आगगाडीचं वेड लागलं, तेव्हा मी त्याची यथेच्छ टिंगल केली. मुलीनं नातवासाठी खेळण्यातल्या गाडीचा संच आणला होता. नातू चार दिवसांत कंटाळला, आजोबा कायमचे अडकले. वरच्या खोलीत रूळ आले, बोगदा आला, ‘कामथडी’ अशी पाटी लावलेलं स्टेशन आलं. गावात रेल्वे आणणारा पहिला माणूस हाच, असं मी म्हणायचो आणि तो मनापासून खूश व्हायचा.

डिकोडर म्हणजे इंजिनाच्या पोटात बसणारी नखाएवढी पट्टी. रुळांतून आलेला हुकूम तिला कळतो: पुढं जा, मागं ये, दिवा लाव. मला वाटायचं, आणला की बसवावा. दिनकरचा नेम वेगळा. त्यानं जेवायच्या जुन्या पाटावर दोन दिवे आणि एक सुटी मोटार ठोकली होती. नवा डिकोडर आधी त्या पाटावर जोडायचा, तिथं पास झाला तरच इंजिनात. “पोटात गेल्यावर मंग रडायचं न्हाई,” तो म्हणायचा. “डिकोडर मेलेला आन् शिव्या इंजिनाला, आसं नगं.”

पण त्या पाटाची खरी परीक्षक होती शेवंतावहिनी, त्याची बायको. काचबिंदूनं वहिनींची नजर जवळजवळ गेली, तेव्हा त्या भिंतीला टेकून बसायला लागल्या. चुलीपाशीसुद्धा जाईनात. दिनकरनं त्यांची समजूत काढली नाही. एक दिवस पाट पुढ्यात ठेवला, त्यांचं बोट मोटारीवर टेकवलं, वेग अगदी हळू ठेवला आणि विचारलं, “कसं वाटतंय गं?”

“आडखळतंय,” वहिनी म्हणाल्या. त्यानं तो डिकोडर तिथंच काढून ठेवला.

मी वाद घातला. दिवे नीट लागत होते, मोटार फिरत होती. दिनकर शांतपणे म्हणाला, “दिवं मला दिसत्यात. थरथर तिला कळती.” हे निव्वळ दयेपोटी असतं, तर त्यानं पुढं तो डिकोडर गुपचूप बसवला असता. त्यानं तो परत पाठवला. वादात कुणाचं बरोबर होतं, मला आजही माहीत नाही. पण तेव्हापासून वहिनींच्या बोटाशिवाय एकही डिकोडर इंजिनात गेला नाही, आणि वहिनी भिंतीपासून उठल्या. एवढं शहाणपण माझ्या मित्रात कुठून आलं, याचं मला अजून नवल वाटतं.

तो गेला तेव्हा वहिनी पाली गावी बहिणीकडं होत्या, त्याच दिवशी परतणार होत्या. पाटावर शेवटचा डिकोडर जोडून तयार होता. दिनकर त्यांची वाट बघत थांबला होता. बौद्ध रीतीनं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, तरी वहिनी पाटाला कुणाला हात लावू देईनात. मुलगी रडकुंडीला आली. आई पुन्हा भिंतीला टेकून बसली होती.

गेल्या रविवारी त्यांनीच निरोप धाडला. “भावजी, लावा बगू.” मी मोटार हळूच सुरू केली. त्यांनी बोट टेकवलं. मी निकालाची वाट बघत राहिलो; त्या बोलेनात. अडखळत असेल का, तार सुटली असेल का, मी पाट तपासू लागलो… आणि मग ध्यानात आलं, त्यांना अजून कुणी विचारलंच नव्हतं.

“कसं वाटतंय, वहिनी?”

त्यांचे डोळे भरून आले. “चालंल,” त्या म्हणाल्या. “बसवा.”

पण बोट उचललं नाही. मीही मोटार बंद केली नाही.