डोकियाच्या पुढच्या खोलीतला दवाखाना

डोकिया मेल्निचुक भांडखोर होती, हे मी आधीच सांगून टाकते. गेल्यावर माणसाला गोड करून सांगायची आमच्या गावाला फार हौस. तिच्या अंत्यविधीला पाद्री म्हणाले, "शांत, सोशीक जीव." मी बाकावरून उठून बाहेर जाऊन उभी राहिले. सोशीक म्हणे. ती सोशीक असती तर आज लिपोव्हात दवाखाना नसता.

तिच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातावर धरलं होतं, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना कुमा म्हणायचो. तिचा नवरा मळणीयंत्रात सापडून गेला तेव्हा गावच्या टेलिफोन कंपनीने तिला एक्सचेंजवर बसवलं. कंपनी म्हणजे तरी काय, आम्हीच सगळे शेतकरी, वर्गणी काढून खांब रोवलेले. घर कंपनीचं. पुढच्या खोलीत तारा जोडायचा बोर्ड आणि रात्रीच्या घंटीसाठी डोकियाचा पलंग, मागे तिची चूल. नोकरी गेली की छप्परही गेलं, असा तो हिशोब होता.

एकोणीसशे बासष्ट साली आमच्या सस्कॅचवान प्रांताच्या सरकारने कायदा केला की डॉक्टरचा खर्च यापुढे करातून होईल, सगळ्यांचा, सारखा. डॉक्टर लोक बिथरले. एक जुलैला कायदा लागू झाला आणि त्याच दिवशी त्यांनी दवाखाने बंद केले. आमच्या डॉक्टर व्हॉटलींनी दारावर पाटी लावली आणि तळ्यावर मासे धरायला निघून गेले. माणूस वाईट नव्हता. बर्फात घोड्याची गाडी हाकत आमच्या दारी आलेला माणूस. पण गेला, हे खरं. तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन बाया त्या पाटीसमोर उभ्या राहायच्या आणि परत फिरायच्या. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

टेलिफोन कंपनीचा अध्यक्ष हार्वी क्रॉसमन. ट्रॅक्टर विकायचा, शहरातून येऊन चार वर्षं झालेली. व्हॉटलींचा जिवलग. त्याने चर्चच्या हॉलमध्ये सभा घेतली आणि डॉक्टरांच्या बाजूने तासभर बोलला.

"आज डॉक्टर सरकारी झाला," तो म्हणाला, "उद्या हेच सरकार तुमच्या घरात घुसेल."

"घुसू दे की," डोकिया मागच्या बाकावरून म्हणाली. "मी विधवा बाई. इतकी वर्षं कुणीच घुसलं नाही."

हॉल हसला. क्रॉसमन लाल झाला. "मिसेस मेल्निचुक, हा चेष्टेचा विषय नाही. असलं खूळ जगात कुठे चालत नाही."

"जगाचं मला माहीत नाही, लिपोव्हात चाललंय." ती उभी राहिली. "तुम्ही तेव्हा नव्हतात. धुळीच्या दुष्काळाच्या वर्षांत आमच्या तालुक्याने शेतसाऱ्यातून डॉक्टर ठेवला होता. पगारी. कराचा डॉक्टर म्हणायचो आम्ही त्याला. सारा भरायला कुणाकडे काही नव्हतं, तर बाप्ये रस्त्यावर खडी टाकायला गेले, तोच त्यांचा सारा. तुमचे ट्रॅक्टर ज्या रस्त्याने येतात ना, तो त्यातलाच."

माझी मान आपोआप हलली. तिची ती मुलगी, स्टेफका, पायाळू होती. दोन दिवस डोकिया अडलेली, मी कंदील धरून उभी. मी मनातल्या मनात तिच्या पोरांचं काय करायचं ते ठरवून बसले होते, इतकी ती गेल्यातच जमा. तो कराचा डॉक्टर आला, बाह्या वर केल्या, आणि जाताना दोघी जिवंत. काय द्यायचं असं तिच्या नवऱ्याने विचारलं तर म्हणाला, "खडी टाकलीस ना? मग झालं." पुढे लढाई लागली, तो डॉक्टर गेला, नवा मिळाला नाही, आणि लोक विसरले. डोकिया विसरली नाही.

गावाने समिती केली आणि बाहेरून डॉक्टर मागवला. आली एक बाई. डॉक्टर रेनी, स्कॉटलंडची, पातळ ओठांची, दिसायला शाळामास्तरीण. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फावर दगड सरकवायचा खेळ चालतो, त्याची लांबोडकी शेड उन्हाळ्यात रिकामीच असते. तिथे पडदे लावून तिला टेबल मांडून दिलं. डोकियाने पहिल्याच दिवशी तिला पिरोही, म्हणजे आमच्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खाऊ घातल्या आणि विचारलं, "तुमच्याकडे करातून डॉक्टर चालतो म्हणे?"

"चौदा वर्षं झाली."

"मग? काय मोडलं?"

"पहिल्या वर्षी लोकांनी चष्मे फार केले," रेनीबाई म्हणाल्या. "तोवर बिचारे आंधळ्यासारखे फिरत होते."

आता शेडमधला टेलिफोन उन्हाळ्यात तोडलेला असतो. तो जोडायला कंपनीच्या मंडळाची परवानगी हवी. क्रॉसमनने शांतपणे सांगितलं, विषय सप्टेंबरच्या बैठकीत घेऊ. दूरदूरच्या शेतांवरून माणसं पुसत होती, डॉक्टरला कसं बोलवायचं, आणि डॉक्टर होती गावात, पण तिच्यापर्यंत तार नव्हती.

डोकियाने पलंग उचलून चुलीजवळ टाकला. पुढच्या खोलीत पडदा बांधला आणि रेनीबाईंचं टेबल बोर्डाला खेटून मांडलं. "शेडला जोडायची मनाई आहे," ती मला म्हणाली, "मला माझ्याच खोलीत मागे वळून बोलायची मनाई नाही."

गंमत पुढेच झाली. आमच्याकडे एकेका तारेवर बारा-चौदा घरं. कुणाचीही घंटी वाजली की बाकीच्यांनी रिसीव्हर उचलून ऐकायचं, हा आमचा धर्म. रेनीबाई पहिल्यांदा एका आईशी पोराच्या हगवणीबद्दल बोलायला लागल्या आणि मधूनच एक आवाज आला, "भाताची पेज द्या." दुसरा म्हणाला, "पेज कसली, बडीशेपेचं पाणी." रेनीबाईंनी रिसीव्हर सापासारखा लांब धरला.

"हे कोण बोलतंय?"

"तारेवरच्या बाया," डोकिया म्हणाली. "त्या जाणार नाहीत. तुम्हीच सवय करा."

बाई हुशार. चौथ्या दिवसापासून त्या म्हणायला लागल्या, "ज्यांच्या घरी हेच दुखणं आहे त्यांनीही ऐका, म्हणजे मला सात वेळा सांगायला नको."

मंडळाची नोटीस शुक्रवारी आली. एक्सचेंजची जागा इतर कामाला वापरल्याबद्दल कामावरून कमी. शनिवारी दुपारपर्यंत घर मोकळं करावं, दवाखान्यासकट.

मी धावत गेले. खरं सांगते, मी घाबरले होते. "कुमा, माग माफी. अठ्ठावन्न वर्षांची झालीस. कुठे जाशील?"

"तुझ्या कोंबड्यांच्या खुराड्यात."

"चेष्टा पुरे. डॉक्टरीणबाईंना शेडमध्ये पाठव, तू तुझं बघ."

"माझंच बघतेय," ती म्हणाली. "भीती मलाही वाटते गं. पण त्या क्रॉसमनने सांगितलं म्हणून मी डॉक्टर दाराबाहेर काढला, तर उद्या स्टेफकाला तोंड कसं दाखवू? ती आहे कशामुळे?"

शनिवारी सकाळी क्रॉसमन शहरातल्या एक्सचेंजमधली मुलगी घेऊन आला. डोरीन नाव, नखं रंगवलेली, कामात चोख. डोकियाने तिला हेडफोन दिला, बोर्डात खोचायच्या दोऱ्या दाखवल्या आणि स्वतःची ट्रंक घेऊन पायरीवर येऊन बसली. मीही बसले. आम्ही मटार सोलायला घेतले. आत पडद्याआड रेनीबाई दुपारपर्यंतचे रोगी उरकत होत्या.

आमच्या गावात नंबर कुणी सांगत नाही. पुस्तकात असतील, पण उघडतो कोण? रिसीव्हर उचलायचा आणि काय ते बोलायचं.

"नंबर प्लीज," आतून डोरीनचा आवाज.

थोड्या वेळाने, "कुणाच्या आईला?"

मग, "कालचं घर म्हणजे कुठलं? मी काल नव्हते."

मग, "बाई, तुमचा नवरा कुठे आहे हे मला कसं ठाऊक असणार?"

क्रॉसमन दारात येऊन उभा राहिला. "तुम्ही लोकांना पढवून ठेवलंय."

"पढवायचं कशाला," डोकिया म्हणाली. "आम्ही असेच आहोत."

दुपारच्या सुमाराला डोरीन स्वतःच बाहेर आली. रंग उडालेला. "एक बाई होती. 'डोकिया, सुरू झालं' एवढंच म्हणाली. मी नाव विचारेपर्यंत तिकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी हाका मारतेय, कुणी बोलत नाही."

मटारचं भांडं माझ्या मांडीवरून खाली गेलं. हान्का बिलिक. गावात कुणालाही विचारलं असतं तरी हेच नाव सांगितलं असतं. पहिलटकरीण, महिना बाकी, आणि नवरा ओरेस्ट गवत कापायला पार नदीपलीकडे. घरात ती एकटी.

डोकिया उठली. क्रॉसमन दारातच होता.

"मिसेस मेल्निचुक, तुम्ही आता कंपनीच्या नोकरीत नाही. आपण मोठ्या हॉस्पिटलला कळवू."

"साठ मैलांवर आहे ते. तुमचे डॉक्टर व्हॉटली आहेत का घरी?"

त्याने टोपी काढून हातात घेतली.

"मग व्हा बाजूला. नाहीतर मला उचलून बाहेर टाका, लोक बघतायत."

खरंच बघत होते. रांगेतले सगळे रोगी उठून उभे होते, मोडक्या हाताचा म्हातारा सेमको सगळ्यांत पुढे. क्रॉसमन बाजूला झाला. डोकियाने पडदा ओढला. "डॉक्टर, हान्का. आठवा महिना सरलाय. सेमको रस्ता दाखवेल." रेनीबाईंनी बॅग उचलली आणि समितीच्या पिकअपमध्ये चढल्या. डोकियाने हेडफोन डोक्याला लावला.

"हान्का, ऐकतेस? डॉक्टर निघाल्या. बोलू नकोस, श्वास घे. आणि तारेवरच्या बायांनो, आहात ना सगळ्या? आज कुणी रिसीव्हर ठेवायचा नाही. ओल्गा, तुझं घर जवळ, पळ. पाणी ठेव. माराच्का, पोराला सायकलवर नदीकडे पाठव, ओरेस्टला आण. बाकीच्यांनी तोंड बंद."

बाकीच्यांनी तोंड बंद ठेवलं, हा आमच्या तारेचा विक्रम असावा. हान्काचा रिसीव्हर दोरीला लटकत राहिला होता. डोकियाने हेडफोन कानावरून सरकवून आमच्याकडे फिरवून धरला, त्यातून आम्हाला ओल्गाची धावपळ ऐकू येत होती, मग गाडीचं दार, मग रेनीबाईंचा आवाज, आणि मग बराच वेळ हान्काचं ते ओरडणं. डोरीन भिंतीला टेकून उभी होती. क्रॉसमन डोकियाच्या ट्रंकेवर बसला होता, टोपी गुडघ्यावर. घामाने भिजलेला. त्याच्याबद्दल एवढं मी चांगलं सांगेन, की तो उठून गेला नाही.

मग बाळ रडलं. बारीक, रागावलेलं रडणं, तारेवरच्या एकूण एक घरात ऐकू गेलं. कुठल्यातरी घरातून कुणीतरी हुंदका दिला, आणि डोकियाने त्या बाईला नाक पुसायला सांगितलं. तिचे स्वतःचे गाल ओले होते.

डोरीनने आपली पर्स घेतली आणि बसची वेळ विचारली.

क्रॉसमन उठला. टोपी हातात फिरवत राहिला. पडद्याकडे पाहिलं, रेनीबाईंच्या टेबलाकडे पाहिलं. "दुपार टळली," तो म्हणाला. "मंडळ विचारेल, घर मोकळं झालं का. मी त्यांना काय सांगू?"

डोकियाने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पुढची घंटी आली होती, ती दोरी खोचत होती.

"सांगा," ती म्हणाली, "मोकळं नाही, सुरू झालं."