लांडग्याला लावलेले कुंकू

इंदू गेल्याचे तुम्हांला फोनवर सांगितले, तेव्हा तुमच्यातल्या धाकटीने पलीकडून विचारले, आता चिलखतवाल्यांच्या गोष्टी कोण सांगणार? मी म्हटले, बघू. फोन ठेवल्यावर मात्र त्या प्रश्नात मीच अडकून बसले. त्याला आता महिना होत आला. इंदू म्हणजे माझी नणंद, तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, तुमची इंदूआजी. जबलपुरातल्या आमच्या चेरीतालच्या घरात दुपारच्या झोपेतच ती गेली. त्या सकाळी मेथी निवडता निवडता तिने माझ्याशी वाद घातला होता, आणि तोही टीव्हीवरच्या मालिकेत कुणा राजाने एका घावात शत्रूचे चिलखत कापले यावरून. "वहिनी, लोखंड म्हणजे काय भोपळा आहे?" हे तिचे माझ्याशी शेवटचे वाक्य. मला ते आवडते. शेवटचे वाक्य म्हणून पुष्कळांच्या वाट्याला याहून बरे काही येत नाही.

मला सगळे क्रमाने सांगायची सवय आहे, तेव्हा आधी घर. मी लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा हा मध्यप्रांत होता. माझे इंटरपर्यंतचे शिक्षण नागपुरात झालेले. सून इंग्रजी वाचणारी हवी, ही माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामंजींची अट होती. त्यांना स्वतःला इंग्रजी येत नव्हते, पण इंग्रजी वर्तमानपत्रात काय आले आहे हे रोज कळायला हवे असे. बरगीकडे थोडी शेती, गावात मान, आणि घराणे नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत असल्यापासून इथे स्थायिक झालेले. तुमचे आजोबा तेव्हा पाटनच्या तहशिलीत नोकरीला होते आणि शनिवारी घरी येत. आठवडाभर घरात मामंजी, त्यांची विधवा बहीण आत्याबाई, मी आणि इंदू. चारचौघांत मी तिला वन्सं म्हणे आणि एकटीत इंदू. ती कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि वर्गात एकटी मुलगी होती.

युरोपातल्या सरदारांच्या इंग्रजी कादंबऱ्या ती कॉलेजच्या ग्रंथालयातून आणी. पोलादात मढलेले वीर, हातात भाला, मनोऱ्यात कोंडलेली राजकन्या. रात्रीची भांडी आवरली की मी त्या वाचायची, आणि मला त्या मनापासून आवडत. इंदूला त्या आवडत, पण पुरत नसत. त्यातले खरे किती, हे तिला हवे असे. इतिहासाच्या प्राध्यापकांनी तिला चित्रांचे एक जाडजूड पुस्तक दिले, आणि तिथून आमच्या गोष्टींची सुखाने वाट लागली. कादंबरीत वीराला दोर लावून घोड्यावर चढवत, कारण चिलखत म्हणे इतके जड. इंदू म्हणाली, साफ खोटे. ते वजन सगळ्या अंगावर वाटलेले असे, सरावलेला माणूस त्यात धावे, शिडी चढे, कोलांटी मारे. कादंबरीत तलवार चिलखत चिरून आरपार जाई. इंदू म्हणाली, पोलादावर पाते नुसते घसरते. म्हणून कसलेला लढवय्या एक हात मुठीवर ठेवून दुसऱ्या हाताने पातेच मधोमध धरी आणि टोक फटीत खुपसी... काखेत, गुडघ्यामागे, डोळ्यांच्या खाचेत.

पाते हाताने धरायचे, हे काही मला पटेना. तेव्हा तिने कोपऱ्यातले मुसळ माझ्या हातात दिले. कांडताना कुठे धरतेस, मधेच ना, मग टोक हवे तिथे पडते की नाही? पटले. मग तिने डोक्यावर पातेले घातले, पोटावर परात धरली आणि म्हणाली, आता मार. मी मुसळ मधोमध धरून परातीला वळसा घालत तिच्या काखेत टेकवले. तिला गुदगुल्या फार. ती अशी काही किंचाळली की आत्याबाई माजघरातून धावत आल्या.

"काहून ग? काय करून राहिल्या दोघी?"

"आत्या, मी फिरंगी सरदार आहे. वहिनी मला मारून राहिली."

आत्याबाईंनी नीट पाहून घेतले. "मारू दे. पण ते पातेलं उतरव आधी. दुधाचं आहे."

आता तलवार. देवघराशेजारच्या खोलीत आमच्या घराण्याची एक तलवार होती, सरळ पात्याची. असल्या तलवारीला आपल्याकडे फिरंग म्हणतात. मूठ आपल्या पद्धतीची, आतून गादी लावलेली, आणि मुठीमागे एक गज निघालेला, म्हणजे वेळ पडल्यास दुसरा हातही लावता यावा. पाते मात्र लांब आणि निराळ्याच धाटणीचे. त्या पात्यावर, मुठीपासून वीतभर अंतरावर, चार पाय आणि शेपूट असलेले एक जनावर कोरलेले होते. हा आमच्या कुलदैवताचा, खंडोबाचा कुत्रा, असे घरात सगळे मानत. दर खंडेनवमीला तलवार पाटावर ठेवून मामंजी त्या कुत्र्याला कुंकू लावत आणि आत्याबाई सगळ्यांना गोष्ट सांगत. घराण्याच्या मूळपुरुषाची नर्मदेकाठी एका फिरंग्याशी गाठ पडली. फिरंगी नखशिखान्त लोखंडात. आदल्या रात्री खंडोबाचा कुत्रा स्वप्नात येऊन मूळपुरुषाचा हात चाटून गेला होता. दुसऱ्या दिवशी फिरंगी घोड्यावरून पडला तो लोखंडाच्या भाराने उठलाच नाही, आणि त्याची तलवार उचलून पाहावी तर पात्यावर कुत्रा उमटलेला! गोष्ट सांगताना आत्याबाईंचा आवाज दर वर्षी त्याच ठिकाणी भरून येई. इंदू खाली मान घालून ऐके. लोखंडातला माणूस पडला तरी उठतो, हे तिला आता माहीत होते. बोलली नाही कधी.

त्या वर्षी न बोलण्याला आणखीही एक कारण होते. एम.ए.साठी तिला नागपूरला जायचे होते. प्राध्यापकांनी घरी येऊन मामंजींना तसे सुचवलेही होते. दुसरीकडे सागरहून एक चांगले स्थळ आले होते, आणि होकार की नकार ते दसऱ्याला कळवतो असे मामंजींनी त्या लोकांना सांगून ठेवले होते. नागपूर की सागर, याचा निकाल त्यांच्या एका शब्दावर होता. त्यामुळे इंदू त्या दिवसांत घरात पावलांचा आवाजही न करता वावरत होती.

आणि नेमके तेव्हाच, घटस्थापनेच्या आधी, छावणीतला एक इंग्रज मेजर आमची तलवार पाहायला आला. इंदू एकदा प्राध्यापकांशी तलवारीविषयी बोलली होती, त्यांनी त्याच्यापाशी विषय काढला, आणि मेजर पडला जुन्या हत्यारांचा वेडा. त्याला हुकूम सोडण्यापुरते हिंदी येत होते, त्यापलीकडे नाही. परक्या माणसासमोर सून जाणार नव्हती, म्हणून दुभाषी म्हणून बैठकीत इंदूला बसवले. मी दाराआड उभी. येताना त्याने युरोपातला एक जुना लोखंडी हातमोजा दाखवायला आणला होता, सगळा खवल्यांवर खवले बसवून केलेला. मामंजींनी तो हातात चढवला, बोटे मिटली, उघडली, परत मिटली. "अच्छा... हा तर हलका आहे," ते म्हणाले. ते कोणाला उद्देशून म्हणाले ते कळले नाही.

मग मेजरने तलवारीवर भिंग धरले. कुंकवाचा थर पुसू का, असे त्याने विचारले, मामंजींनी मान डोलावली, आणि इंदूने तेलाच्या फडक्याने थर पुसला. आतले जनावर दिसताच तो माणूस लहान मुलासारखा खूश झाला. हा लांडगा आहे, तो इंग्रजीत म्हणाला. जर्मनीत तलवारी घडवणारी गावे होती, तिथले कारागीर पात्यावर असा पळता लांडगा काढत, मालाची खात्री म्हणून. अशी पाती जहाजाने हिंदुस्थानात येत, बंदरावर विकली जात, आणि इथे त्यांना इथली मूठ बसे. लांडग्याची पाती त्याने पुष्कळ पाहिली होती, हे त्यांतले फार उत्तम होते. बिचारा स्तुतीच करत होता.

मला शब्दन् शब्द कळला. मामंजींनी हसून विचारले, "काय म्हणतात साहेब? ओळखलं का आमच्या कुत्र्याला?"

इंदूने तेलाचे फडके घडी करून ठेवले. फटीतून मला तिची फक्त पाठ दिसत होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, कुत्रा म्हण. साहेबाला मराठी कळत नाही, तुझ्या बाबांना इंग्रजी कळत नाही, मी कोणाला सांगणार नाही. नुसतं कुत्रा म्हण, इंदू, आणि नागपूरला जा.

"बाबा, ते म्हणतात हा कुत्रा नाही, लांडगा आहे," ती म्हणाली. "जर्मनीतले कारागीर काढत. पाती जहाजानं यायची, विकत मिळायची. आपलंही तसंच आलं असावं."

"असावं, की आलंय?"

"आलंय."

आतल्या दाराशी बसलेल्या आत्याबाईंनी तिथूनच विचारले, "आणि मग तो लोखंडातला फिरंगी?"

"आत्या, तेव्हा तसं अंगभर लोखंड घालून इकडं कोणी येत नव्हतं."

मामंजींनी हातमोजा काढून मेजरच्या हातात दिला, त्याला चिवडा आणि लाडू खायला लावले, फाटकापर्यंत पोचवून आले, आणि नंतर इंदूशी बोलले नाहीत. रागावलेही नाहीत, बोललेच नाहीत. वर्तमानपत्रही त्यांनी माझ्याकडून वाचून घेतले नाही. आत्याबाई दोन घास कमी खात. शनिवारी पाटनहून आलेले तुमचे आजोबा बहिणीला म्हणाले, तुला थोडं थांबून सांगता आलं नसतं का? ती म्हणाली, "थांबून सांगितलं असतं तरी लांडगाच होता, भाऊ." आणि उठून गेली. ती मनाने सागरच्या घरात जाऊन पोचल्यासारखीच दिसत होती.

खंडेनवमी आली. तलवार पाटावर ठेवली, झेंडूची माळ घातली. मामंजी सोवळे नेसून बसले, कुंकवाच्या करंड्यात बोट घातले आणि बोट तसेच धरून थांबले. आम्ही सगळे त्या बोटाकडे पाहत होतो. मग त्यांनी इंदूला जवळ बोलावले.

"सागरला माझ्या मावशीकडे एक तलवार होती," ते म्हणाले. "मी लहान असताना पाहिली. तिच्यावरही हाच कुत्रा. मला वाटलं, खंडोबाचा एकच कुत्रा दोन घरांत कसा? पण मी कोणाला विचारलं नाही."

"काहून नाही विचारलं?" आत्याबाई म्हणाल्या.

"उत्तर आवडणार नाही, असं वाटलं." ते इंदूकडे वळले. "तुला त्या दिवशी भीती नाही वाटली?"

"वाटली. नागपूर गेलं, असंच वाटलं."

"तरी सांगितलंस."

"तुम्ही विचारलंत ना, बाबा."

मामंजी पाटाकडे वळले. मग त्यांनी कुंकवाचे बोट पात्यावर टेकवले, नेहमीच्याच जागी. आत्याबाईंना राहवले नाही. "अहो दादा, पण लांडगा ना तो?"

"लांडगाच. पण इतक्या पिढ्या आपल्या घरी राहिला, आपलं कुंकू लावून घेतलं. आता कुत्रा झाला असेल." आणि अक्षता वाहता वाहता, जणू पूजेतलाच एखादा मंत्र असावा तसे, ते म्हणाले, "सागरवाल्यांना मी उद्या नकार कळवतो. इंदू, तू नागपूरला जा. मी जे विचारलं नाही ते सगळं विचारून ये." आत्याबाईंनी डोळे पुसले आणि त्या वर्षीही गोष्ट सांगितली, फिरंग्यासकट, एकही शब्द न गाळता. त्यांचा आवाज त्याच ठिकाणी भरून आला. या खेपेस इंदूचेही डोळे भरले होते.

पुढचे तुम्हांला ठाऊक आहे. ती नागपूरहून एम.ए. होऊन आली आणि इथल्या मुलींच्या शाळेत निवृत्तीपर्यंत इतिहास शिकवत राहिली. लग्न केले नाही, त्याबद्दल हळहळलीही नाही. माझी मुले तिने माझ्याइतकीच वाढवली, आणि तुम्हांला तर गोष्टी सांगून बिघडवलेच.

गेल्या रविवारी इथल्या मराठी मंडळींनी तिच्यासाठी सभा ठेवली होती. सभागृह तिच्या विद्यार्थिनींनी भरले होते, बहुतेकींचे केस पांढरे. एक निवृत्त अधिकारी फार प्रेमाने बोलले. इंदूताईंचे घराणेच शूर, म्हणाले, त्यांच्या पूर्वजांनी नर्मदेकाठी एका लोखंडी फिरंग्याला लोळवले आणि खुद्द खंडोबाने त्यांना तलवार दिली. एवढ्यात मागच्या रांगेत एका बाईने डावा हात वर केला. मग तिच्या शेजारणीने. मग इकडे एक, तिकडे एक, बघता बघता अर्ध्या सभागृहाचे डावे हात वर, आणि सगळ्या जणी गालांत हसत होत्या. वक्ते गोंधळून थांबले. कोणाला काही विचारायचे आहे का, म्हणाले. मलाही कळेना. माझ्या शेजारी बसलेली एक विद्यार्थिनी माझ्या कानाशी वाकली. "बाईंच्या वर्गात असंच होतं, काकू," ती म्हणाली. "त्या गोष्ट सांगायच्या, मधे मुद्दाम काहीतरी कल्पनेतलं घालायच्या. जिला ते ओळखू येईल तिनं डावा हात वर करायचा. गोष्ट थांबवायची नाही. नुसता हात."

मी वक्त्यांना खुणेने सांगितले, चालू द्या, छान बोलताय. आणि मीही हात वर केला.