पुनवेआधीची काकणं

आमच्या घरातल्या बायका वर्षातले दोन महिने उघड्या हातांनी वावरत. सौंदत्तीच्या डोंगरावरची यल्लम्मा मार्गशीर्षातल्या पुनवेला विधवा होते, असं आमच्याकडं मानतात. तिच्या नवऱ्याला त्या दिवशी मारलं म्हणून त्या पुनवेला तिच्याबरोबर तिच्या लेकीसुनांनीही काकणं फोडायची. माघातल्या पुनवेला देवी पुन्हा सवाष्ण होते, मग हिरवी काकणं भरायची. पहिलीला रांडाव पुनव म्हणत, दुसरीला अहेव पुनव. कपाळाचं कुंकू आणि गळ्यातलं तसंच राही, हात तेवढे मोकळे. परमुलखातला कुणी पाहुणा आला की आईच्या हातांकडं बघून गप्प व्हायचा. मग अण्णाच हसून सांगायचे, "मी हाय अजून जित्ता. देवाचं काम चाललंय."

अण्णा म्हणजे माझे वडील. उचगावात आमची शेती होती आणि दरवर्षी डोंगराला जाणारी गाडी तेच हाकायचे. त्यांचं तोंड सतत चालू. बेळगाव मागं पडून कानडी गावं लागली की ते बैलांशीही कानडीत बोलू लागत. आई म्हणायची, आपली मराठी जनावरं, त्यांना काय कळणार? अण्णा म्हणायचे, "इथलं पाणी पित्यात न्हवं? मग कळतंय." गाडीत आई, मी आणि आत्ती असायची. आत्ती अण्णांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी तिचा नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. घरातलं देवाधर्माचं सगळं तिच्या हातात होतं, आणि त्यात कुणी ढवळाढवळ केलेली तिला खपत नसे.

मी सांगते आहे ते वर्ष लढाईच्या दिवसांतलं. माझं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि जत्रेसाठी मी माहेरी आले होते. दसऱ्यापासून अण्णांना खोकला लागला होता. बेळगावच्या डॉक्टरनं छाती तपासून सांगितलं होतं, थंडीवाऱ्यात फिरू नका. पण आजवर न चुकलेली देवीची वारी छातीसाठी चुकवायची, हे आत्तीला पटलं नाही आणि खरं सांगायचं तर अण्णांनाही पटलं नाही. त्यांनी घोंगडं पांघरलं आणि गाडी जुंपली.

डोंगराच्या पायथ्याशी जोगुळभावीचं कुंड आहे. तिथं बुडी मारून मग वर जायचं. सकाळचं पाणी बर्फासारखं गार होतं. आई त्यांच्या हाताला धरून म्हणाली, नुसतं डोळ्यांना लावा. ते म्हणाले, "देवीला अर्धवट काम आवडत न्हाय," आणि सगळ्यांच्या आधी उतरले. वर येईपर्यंत त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. देवळाच्या आवारात भंडारा उधळत होता, 'उदं गं आई उदं'च्या आरोळ्या चालल्या होत्या, आणि अण्णा एका कोपऱ्यात भिंतीला टेकून खोकत होते. त्या गर्दीत त्यांच्याकडं बघायला एकटी मीच होते, याचा मला आजही राग येतो.

काकणं फोडायची वेळ आली. एक म्हातारी जोगतीण एकेकीचा हात धरून दगडाच्या कडेवर आपटत होती. खाली हिरव्या काचांचा ढीग पडला होता. आईची पाळी आली तेव्हा तिनं हात मागं घेतले. "आक्का," ती आत्तीला म्हणाली, "यंदा राहू दे. ह्यांची तब्येत ही अशी. मला भ्या वाटतंय."

"यल्लम्मा आईनं नवरा घालवला आन् तू काकणं राखून बसणार?" आत्ती म्हणाली. "ती बघत न्हाय व्हय?"

आईनं हात पुढं केले. तिच्यामागं मी केले. माझ्या हातांत लग्नात भरलेली काकणं होती. ती फुटली तेव्हा मला रडू कोसळलं, आणि शेजारची एक बाई कौतुकानं म्हणाली, पोरीची भक्ती लई हाय.

परतीच्या वाटेवर अण्णांना ताप भरला. त्या वाटेनं ते बैलांशी एक शब्द बोलले नाहीत. गाडी जत्रेला आलेल्या गावातल्याच कुणीतरी हाकली. संक्रांत येईतोवर त्यांनी अंथरूणच धरलं. डॉक्टर टांग्यातून घरी येऊन गेला, बाटलीतलं औषध दिलं आणि आमच्याकडं न बघता बाहेर पडला. मी सासरी निरोप पाठवला आणि राहिले.

अण्णा दिवसभर डोळे मिटून पडलेले असत. एकदा आई पेज पाजत होती तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या हातांचा आवाजच न्हाय गं. तू घरात हाईस का न्हाय, मला कळंना झालंय." आईनं पेजेचा पुढचा घोट त्यांच्या ओठांशी नेला. मग ते म्हणाले, "एकडाव भर की काकणं. म्या गेल्यावर कोण भरू देतंय तुला?"

त्या दिवसापासून त्यांनी तोच ध्यास घेतला. ज्या माणसानं आयुष्यात बायकोकडं कधी काही मागितलं नव्हतं, तो उठता बसता काकणांचं विचारू लागला. अहेव पुनव अजून लांब होती. अण्णा तोवर टिकतील असं घरात कुणालाच वाटत नव्हतं, पण तसं कुणी बोलतही नव्हतं.

एका दुपारी गल्लीत कासाराची हाळी आली आणि मी कुणालाही न विचारता त्याला ओट्यावर बसवलं. आई बाहेर आली. तिनं एकदा आतल्या दाराकडं बघितलं आणि हात पुढं केला. पहिलं काकण बोटांच्या पेरांवरून अर्धं सरकलं होतं, तेवढ्यात आत्ती परसातून धावत आली आणि तिनं आईचा हात हिसकून घेतला.

"डोंगरावरची आई अजून रांडाव हाय आन् तू अहेव हुतीस? माझ्या भावाला खाशील!"

"आत्ती, त्यांनाच बघायचंय," मी ओरडले. "त्यांनी मागितलंय!"

तेव्हा आत्ती मटकन खाली बसली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. "म्या भरली हुती गं," ती म्हणाली. "नवी नवरी हुतो. भावकीतल्या लग्नाला जायचं म्हणून पुनवंआधी भरली. त्याच साली ह्ये गेलं." तिच्या भावानं जगावं म्हणूनच ती आईचा हात अडवत होती. मला तिच्याशी खूप भांडायचं होतं, पण रडणाऱ्या बाईशी भांडता येत नाही. आईनं काकण काढून कासाराला परत दिलं. आतून अण्णांचा आवाज आला, "ऱ्हाऊ द्या. पुनव काय लई लांब न्हाय."

मग ते रोज संध्याकाळी दार उघडं ठेवायला सांगत. अंथरुणातून त्यांना आभाळाचा एक तुकडा दिसे. चंद्र वाढत चालला होता आणि ते वाळत चालले होते. ज्या आठवड्यात पुनव होती, त्याच आठवड्यात एका सकाळी ते गेले.

गल्लीतल्या बायका जमल्या. न्यायच्या आधी बायकोची काकणं फोडायची रीत असते. दोघी म्हाताऱ्यांनी आईला अण्णांजवळ बसवलं, तिचे हात पदराबाहेर काढले आणि एकमेकींकडं बघत राहिल्या. हात मोकळेच होते. असं कसं चालेल, यावर कुजबुज सुरू झाली. फोडल्याबिगर न्हेता येत न्हाय, एकीनं सांगितलं. शेवटी आत्तीच म्हणाली, "कासाराला बोलवा. भरा आन् फोडा."

तोच कासार आला. एरवी काकणं भरताना त्याचं तोंड गप्प नसे, त्या दिवशी त्यानं मान वर केली नाही. त्यानं आईचे दोन्ही हात हिरव्या काकणांनी गच्च भरले. इतकी काकणं तिनं लग्नानंतर कधी घातली नसतील. महिनाभर ज्याला नाही म्हटलं होतं ते आता सगळी गल्ली मिळून करत होती, आणि आत्तीही त्यात होती.

म्हातारीनं आईचा हात धरला. आईनं तो सोडवून घेतला, अण्णांवर वाकली आणि त्यांच्या कानाशी दोन्ही हात हलवले. त्या गप्प खोलीत काकणं खळखळली.

"ऐकताय न्हवं?" ती म्हणाली. "भरली बघा."

तिनं पुन्हा हात हलवले. बायका थांबल्या होत्या. मग आत्तीनं पुढं होऊन तिचे हात धरले आणि उंबऱ्यावर आपटले.

आमच्या सुतकातच पुनव आली, आणि डोंगरावर देवी सवाष्ण झाली.