खुंट्या कोणी आवळल्या?

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. गल्लीत कुणाला काही 'दिसलं' की पहिली मीच हसते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण डोक्यातून जात नाही.

कोल्हापूर, फुलेवाडी. दोन खोल्यांचं घर, राहतो मी आणि आई. आण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्या वर्षी गेले. मूळचे कोडोलीचे, तिथल्या भजनी मंडळात व्हायोलिन वाजवायचे. मांडी घालून, तारा आपल्या पद्धतीने लावून — सा-प-सा-प. मला त्यांनीच शिकवलं. पुढे मी वेस्टर्नकडे वळले, उभी राहून वाजवायला लागले आणि आमचं बिनसलं. "बोटं चोख हैत गं तुजी," ते म्हणायचे, "पर पोटातनं येत न्हाय की." ते मला इतकं लागलं, की शेवटची दोन वर्षं मी त्यांच्यासमोर वाजवलंच नाही.

यंदा पुण्याच्या एका वाद्यवृंदात जागा निघाली. रेकॉर्डिंग पाठवायचं होतं — बरोक काळातली, म्हणजे युरोपातली तीनेकशे वर्षांपूर्वीची, कुठलीही एक संथ रचना. मला ऑनलाइन शिकवणाऱ्या मॅडमनी माझी पहिली निवड ऐकली आणि म्हणाल्या, "सूर बरोबर आहेत, पण भाव कुठाय? दुसरी शोध." आण्णांचंच वाक्य, फक्त पुणेरी! हातात चार दिवस.

शोधून शोधून डोळे दुखले. एक रचना नाचरी, दुसरी नुसती कसरत, तिसरी उगाच रडकी. जिवाला चैन नाही. त्यात माझ्या व्हायोलिनची घोडी, म्हणजे तारांखालचा लाकडी तुकडा, मोडली. नाइलाजाने आण्णांचं व्हायोलिन काढलं आणि वेस्टर्न पद्धतीने लावलं. शेवटी इंटरनेटवर एक निनावी रचना सापडली. कोपऱ्यावरून प्रिंट काढून आणली. वाजवली, तर जाड तारांवर गेलं की सगळं बेसूर! तरी मधल्या दोन ओळी अशा होत्या की सोडवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायोलिनची पेटी उघडली, तर तारा सा-प-सा-प लागलेल्या. म्हणजे दोन्ही जाड तारा एकेक सूर वर चढलेल्या.

"आई, तू हात लावलास?"

"मला डब्याचं झाकण उघडंना झालंय," आई आतून ओरडली, "मी खुंट्या पिळू व्हय?"

खरं होतं, तिची बोटं आखडलीत. मी पुन्हा वेस्टर्न लावलं, पेटी कपाटात ठेवली, कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली. सकाळी... सा-प-सा-प. त्याच्या पुढच्या सकाळीही तेच. शेवटचा दिवस, दुपारचे बारा, आणि माझं डोकं असं फिरलं की म्हटलं, राहू दे तसंच! कागदावरच्या खुणांप्रमाणे बोटं ठेवली आणि गज ओढला.

बेसूर नव्हतंच काही. जाड तारा आतून गुणगुणायला लागल्या, त्या दोन ओळींपाशी आले आणि मला रडू फुटलं. आण्णा गेले तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी. "आज त्यांच्यागत वाजिवलंस की गं," एवढंच म्हणाली. मी तेच रेकॉर्डिंग पाठवलं.

मग मूळ फाइल उघडून पाहिली. प्रिंटमध्ये वरची एक ओळ कापली गेली होती. त्या ओळीत लिहिलं होतं, या रचनेसाठी दोन्ही जाड तारा एकेक सूर चढवून घ्याव्यात. म्हणजे आपलं सा-प-सा-प!

हा योगायोग म्हणून सोडून देते. पण घोडी बसवून देणाऱ्या कारागिराला विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, खुंटी सैल पडती. आपोआप आवळल्याली म्या तरी कधी बघितली न्हाय."

जागा मिळाली. आता माझं व्हायोलिन दुरुस्त होऊन आलंय, तरी आण्णांचं मी रोज मुद्दाम वेस्टर्न लावून ठेवते आणि सकाळी चहाच्या आधी पेटी उघडते. तारा कधी जागच्या जागी असतात, कधी थोड्या उतरलेल्या. चढलेल्या पुन्हा कधीच सापडल्या नाहीत.

"काय बघतीस रोज उठून?" आई विचारते.

"काही नाही," म्हणते, आणि पेटी बंद करते.