वॉकरांचं पिंप

जेबेझ वॉकरच्या गाढवगाडीचा वास त्याच्याआधी गल्लीत शिरायचा. गाडीवर एक मोठं पिंप, आणि पिंपात अख्ख्या गावाचं मूत. यॉर्कशायरमधल्या आमच्या लोकरीच्या गावात ही रीतच होती: घरोघरी ते भांड्यांत साठवायचं आणि सोमवारी जेबेझने गिरणीत न्यायचं. शिळ्या मुताशिवाय लोकरीचं तेल सुटत नाही. दारूला न शिवणाऱ्या आम्हा चॅपलवाल्यांचं मूत म्हणे जास्त कसदार, आणि त्याचाही तोरा मिरवणाऱ्या बायका होत्या! मला शिसारी यायची. चॅपलची, म्हणजे आमच्या पंथाच्या साध्या प्रार्थनाघराची, झाडलोट माझ्याकडे होती. रविवारी जेबेझ धुतलेला कोट घालून आला तरी त्याच्या बाकाजवळ मला मळमळायचं.

तो बाक त्याच्या आजाने स्वतः रंधा मारून बनवलेला होता. बायको गेल्यावर जेबेझला आपलं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. "टॅबिथा, मेलो की मला इथूनच उचला बरं का," तो म्हणायचा.

गिरणीचा मालक ईनॉस वॉकर त्याचा सख्खा चुलतभाऊ. पैसा झाल्यावर त्याने लंडनहून घराण्याच्या मानचिन्हाची ढाल रंगवून आणली आणि एका रविवारी चॅपलच्या भिंतीवर टांगली. वॉकर म्हणजे राजाच्या जंगलात फिरून पहारा देणारे अधिकारी, असं त्याने सगळ्यांना छाती काढून सांगितलं. ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटलं, पण ते ओकारी येण्याआधी सुटतं तसलं.

जेबेझ बाकावरून उठला. "ईनॉस, लेका, कुठलं जंगल घेऊन बसलास? आपले वाडवडील मुताच्या हौदात उभे राहून कापड तुडवायचे. दिवसभर कापडावर चालायचे, म्हणून वॉकर. तुझी गिरणी अजून त्याच मुतावर चालते. दर सोमवारी मीच वाहतो ना! त्यात लाजायचं काय?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. ईनॉसचा चेहरा लालभडक झाला.

"टॅबिथा, काढ याला बाहेर. आणि परत आत घेऊ नकोस!"

माझं घर गिरणीचं होतं. मी गुमान जाऊन जेबेझचा दंड धरला. तेवढ्यावर थांबायचं होतं, पण जीभ सैल सुटली. "चल रे बाबा. वास मारतोय तुझा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, टोपी उचलली आणि निघाला.

तेव्हापासून दर रविवारी तो बाहेर कुंपणाला टेकून, थंडीत, आमच्याबरोबर स्तोत्र म्हणतो. त्याचा बाक मी पुसते. आत ढाल चकाकत असते आणि मला तिच्यावर थुंकावंसं वाटतं. थुंकत मात्र नाही.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी त्याची गाडी आली. शेजारी थांबली, पलीकडे थांबली, माझ्या दारावरून सरळ पुढे गेली. दुसऱ्या सोमवारीही तेच. तिसऱ्या आठवड्यात माझ्या घरात श्वास घेववेना.

"काय गं, तुझ्याकडे थांबत नाही वाटतं?" शेजारच्या डॉर्कसने नाकाला एप्रन लावून विचारलं.

मी काठोकाठ भरलेलं भांडं उचलून गाडीमागे धावले. बोटांवरून ओघळत होतं. बायका दारांत येऊन बघत होत्या.

"जेबेझ, थांब ना! एवढं घेऊन जा."

त्याने गाढव थांबवलं नाही. मागे वळून अगदी सभ्यपणे म्हणाला, "नको, बाई. वास मारतो."