उंबऱ्याखालची चार बोटं

त्या सकाळी आम्ही दोघं उंबऱ्यावर बसून गवार मोडत होतो. मधेच तिनं शेंग ठेवली, खाली वाकली आणि उंबरा नि रस्ता यांच्यामध्ये बोटं आडवी लावली.

"चारच ऱ्हायलीत. मोजा तुमी."

"कालच मोजली हुती की. एका रातीत रस्ता वाढतो व्हय?"

"माझ्या मागं वाढंल. तुमाला कळायचंबी न्हाई."

मी हसलो. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल. समोरून येताना दिसली की माणूस वाट बदलतो, आणि अडचण आली की तिच्याच दारात जाऊन बसतो. मी चौथी शिकलो. सगळा जन्म घोडेगावच्या बाजारात जनावरं टेम्पोत चढवण्यात गेला. सजवून लिहिता येत नाही. बायको माझी होती, पण गल्लीला ती माझ्यापेक्षा जास्त माहीत होती.

घर बांधलं तेव्हा मी दाराला तीन पायऱ्या केल्या होत्या. दर वेळी नवा रस्ता जुन्याच्याच डोक्यावर. दोन पायऱ्या त्याच्या पोटात गेल्या. चार घरं पुढं शिंपीणबाई एकट्या राहतात. त्यांच्या घरात तर पावसाचं पाणी शिलाई मशीनच्या पायडलपर्यंत चढायचं. यंदा सिमेंटचा रस्ता मंजूर झाला तशी ही घरोघर फिरली. बोलणं एकच, "आधी उकरा, मग वता."

रस्त्याचे साहेब तीन पायांचं यंत्र घेऊन मापाला आले. म्हणाले, "मावशी, उतार बरोबर आहे." हिनं भरली घागर आणली आणि त्यांच्या बुटांपुढं रिकामी केली. पाणी निघालं ते सरळ शिंपीणबाईंच्या दारात.

"साहेब, तुमचं यंत्र लई शिकलेलं हाय. पानी अडानी हाय, ते सखल तिकडंच जातं."

सगळी गल्ली हसली. साहेबही हसले, आणि उकरायचं कबूल केलं.

पण ठेकेदारावर हिचा भरवसा नव्हता. उकरायचं मशीन येईपर्यंत गल्लीत कायम एक तरी मोठं माणूस थांबलंच पाहिजे, असा हिचा नियम. मग कोणाचं लग्न असो नाहीतर बाजार. शिंपीणबाई एकदा कुरकुरल्या, तर म्हणाली, "जा की. आल्यावर खिडकीतनं शिरा घरात."

गवार मोडून झाली. तिनं भाजी चुलीवर टाकली, "जरा पडते" म्हणाली. भाजी करपल्याचा वास आला म्हणून मी आत गेलो. ती झोपल्यासारखीच होती.

चार वाजता नेली. आमच्यात बायका स्मशानात येत नाहीत. तिच्यासाठी सगळ्या आल्या. दारं ओढून घेतली आणि अख्खी गल्ली तिच्या मागं चालली. तिचा नियम कोणाला आठवला नाही. मलाही नाही.

दिवेलागणीला परतलो, तर कोपऱ्यापासून आमच्या दारापर्यंत ओलं सिमेंट. न उकरता ओतलेलं, उंबऱ्याला टेकलेलं. मला घरात शिरायला कोणीतरी फळी टाकली. शिंपीणबाईंनी फळीचं दुसरं टोक धरलं.

"दादा, मी थांबायला पायजे हुतं वो."

मी फळीवरून आत गेलो.

अजूनही सकाळी उंबऱ्याशी तिच्या बांगड्या वाजतात. मी बघायला जात नाही. बोटं लावायला तिथं जागाच राहिलेली नाही.

तिला नेली त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर उरलेल्या अर्ध्या गल्लीसाठी मिक्सर आला. मी शिंपीणबाईंच्या दारापुढं, रस्त्याच्या मधोमध जाऊन बसलो.

"बाबा, उठा," एक मजूर म्हणाला.

"मी सुतकात हाय. काल ह्याच हातानं बायकोला अग्नी दिलाय. उचल मला."

कोणी हात लावीना. मग साहेबांना फोन गेला. ते आले आणि दोन हात लांब उभे राहिले.

"बाबा, तुमच्या दारापुढं तर झालंय. आता तुमचं काय जातंय?"

"माझं जायचं ते काल गेलं," मी म्हणालो, आणि उकरायचं मशीन येईपर्यंत तिथनं हललो नाही.